तिसऱ्या मजल्यावरचा जनरेटर

आमच्या इमारतीत गेले काही महिने अशी बातमी फिरते आहे की तिसऱ्या मजल्यावरच्या मेळकरांनी लष्कराची तोफ घरात लपवून ठेवली होती आणि ती न्यायला ट्रक आला होता. बातमी खोटी आहे. तोफ नव्हती, जनरेटर होता. आणि खरं सांगायचं तर जनरेटरही नव्हता. ट्रक मात्र होता. तो मी स्वतः पाहिला, कारण तो माझ्या स्कूटरला खेटून उभा होता.

तोफ या प्रकरणात कुणी आणली हे मला विचारू नये. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना मी फक्त ‘लष्कराचं काहीतरी अवजड’ एवढंच सांगितलं होतं. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला नळी फुटली, दुसऱ्यावर चाकं लागली, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी मला जिन्यात गाठून विचारलं, “उडाली तर आधी आपलाच मजला जाईल का हो?” मी म्हटलं, तोंड कुठे आहे त्यावर अवलंबून. यापलीकडे माझा काही हात नाही.

मेळकर हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव दारावर लावलेलं आहे, पण टपालवाल्याखेरीज ते कुणी वाचत नाही. शहराच्या कडेला लष्कराच्या सामानाचं मोठं आगार आहे, तिथे ते मुलकी कारकून. मुलकी म्हणजे गणवेश नाही, बंदूक नाही, पण फाटकातून आत जाताना झडती मात्र पूर्ण. काम मेळ घालण्याचं, म्हणून मेळकर. नाव मीच ठेवलं. त्यांनी आधी हरकत घेतली, मग स्वतःच फोनवर ‘मेळकर बोलतोय’ म्हणायला लागले.

हे काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर जनरेटर कुठून आला ते कळायचं नाही. लष्कराचा माल तीन हातांतून जातो. आगार देतं, वाहतूकवाले नेतात, तुकडी घेते. तिघांचे कॉम्प्युटर वेगळे, आणि एकाच वस्तूला तिघांनी ठेवलेली नावंही वेगळी. आगारातून निघताना जी ‘लोकरी ब्लँकेटं’ असत, ती ट्रकमध्ये चढली की ‘गठ्ठे, मऊ’ होत आणि तुकडीत उतरली की ‘पांघरूण, हिवाळी’. रस्त्यात असताना तर ती कुणाचीच नसत. आगार म्हणे, आम्ही दिली. तुकडी म्हणे, आम्हाला मिळाली नाहीत. वाहतूकवाले काहीच म्हणत नसत, कारण ते फोन उचलत नसत. या तिघांच्या मधोमध एक टेबल, टेबलावर फोन आणि फोनला चिकटलेले मेळकर.

“तुमचे मऊ गठ्ठे म्हणजे आमची ब्लँकेटंच ना? मग पोचले का? पोचले असतील असं नको हो. असतील-बिसतील माझ्याकडे लिहायला जागाच नाही. जिथे आहे तिथे आहे म्हणा.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतकी वर्षं इतक्या लोकांना ऐकवलं की ते घरीही त्यांच्या तोंडून निघे. वहिनी आतून म्हणायच्या, “कात्री शिलाई मशीनपाशी असेल.” हे बाहेरून म्हणायचे, “असेल नको. जिथे आहे तिथे आहे म्हण.” यावर वहिनी काय म्हणायच्या ते आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ असल्यामुळे मला माहीत आहे, पण लिहिण्यासारखं नाही.

तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडून टाकावेत, म्हणजे एकाने लिहिलेलं तिघांना आपोआप दिसेल, ही त्यांची आयुष्याची एकच महत्त्वाकांक्षा. माणसं घर बांधायचं म्हणतात, परदेशी जायचं म्हणतात. हे म्हणायचे, “एकदा माहिती इकडून तिकडे जायला लागली ना, की मी सुटलो.” मी म्हणायचो, “सुटलात म्हणजे नोकरीतून. तुमचं कामच उरणार नाही.” ते म्हणायचे, “तुम्हाला नाही कळायचं.” ते खरं होतं.

अडचण कॉम्प्युटरची नव्हती. आगारप्रमुख आणि वाहतूकप्रमुख यांच्या खोल्या समोरासमोर. मधे एक बोळ. आगारप्रमुख म्हणजे गोल चेहऱ्याचे, सतत खोकणारे एक साहेब. वाहतूकप्रमुख म्हणजे एक करारी बाई, ज्यांना कुणी कधी बसून चहा पिताना पाहिलं नाही. दोघांनी बोळातून जाताना एकमेकांकडे न बघण्याची चांगली सवय लावून घेतली होती. “माहिती हवी? कशाला हवी?” असं बाई विचारायच्या. “द्यायला हरकत नाही, आधी त्यांनी द्यावी,” असं साहेब म्हणायचे. मेळकरांची उमेदीची वर्षं त्या बोळात गेली.

शेवटी वरून हुकूम आला आणि बैठक झाली. एकमेकांना काय दाखवायचं ते ठरवायचं होतं. वस्तूचा क्रमांक दाखवायचा, ठरलं. नाव दाखवायचं, ठरलं. जागा दाखवायची, म्हणजे वस्तूला चिकटवलेला ट्रॅकर सांगेल ती जागा, हेही बऱ्याच खोकल्यानंतर ठरलं. शेरा मात्र दाखवायचा नाही, असं आगारप्रमुखांनी निक्षून सांगितलं. शेरा म्हणजे प्रत्येक वस्तूपुढचा शेवटचा रकाना, काही खास असेल तर लिहायचा. आता त्या रकान्यात आगाराच्या कारकुनांनी वर्षानुवर्षं वाहतूकवाल्यांबद्दलची आपली मतं नोंदवून ठेवली होती. ‘ट्रक उशिरा, ड्रायव्हर उद्धट.’ ‘पेटी आपटली, विचारलं तर हसले.’ ‘बाईंना फोन केला. व्यर्थ.’ अशी. “शेरा हा आमचा घरगुती विषय आहे,” साहेब म्हणाले. बाईंनी आग्रह धरला नाही, कारण त्यांच्या बाजूच्या शेऱ्यांतही साहेबांचा खोकला होता.

तर शेरा वगळून जोडणी मंजूर झाली. हे लक्षात ठेवावं.

जोडणीची चाचणी मेळकरांनी घ्यायची होती. त्यासाठी त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एक जनरेटर निर्माण केला. सव्वा टन वजनाचा, डिझेलवर चालणारा, हिरवा. शेऱ्यात लिहिलं, ‘फक्त चाचणीसाठी. असा जनरेटर नाही.’ मग या नसलेल्या जनरेटरच्या नावाने एक असलेला ट्रॅकर घेतला, काडेपेटीएवढा. ट्रॅकर हलवून पाहायला एखादी गाडी द्या, अशी त्यांनी वाहतूक विभागाकडे विनंती केली. विभागाने कळवलं की विनंती मिळाली आहे. त्यापुढे काही कळवलं नाही. मेळकरांनी ट्रॅकर डब्याच्या पिशवीत टाकला आणि नेहमीच्या बसने घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पडद्यावर पाहिलं तर आगारापासून आमच्या इमारतीपर्यंत निळी रेघ. बस वळली तिथे रेघ वळली होती, बस थांबली तिथे थांबली होती. त्या संध्याकाळी त्यांनी मला दारातच गाठलं. “काल सिग्नलला आमची बस किती वेळ उभी होती ते मला पडद्यावर दिसलं!” मी म्हटलं, “तुम्ही बसमध्येच होता ना?” ते म्हणाले, “हो, पण आता ते लष्करालाही माहीत आहे.” इतका आनंद मी त्यांच्या मुलाला नोकरी लागली तेव्हाही त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता.

चाचणी झाली. जोडणी सुरू झाली. छोटा समारंभ झाला, फीत कापली, आगारप्रमुख आणि वाहतूकप्रमुख एका फोटोत आले, वेगवेगळीकडे बघत. ट्रॅकरची बॅटरी किती टिकते ते बघायचं म्हणून मेळकरांनी तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात राहू दिला. बॅटरी टिकली. ती इतकी टिकली की ते ट्रॅकरला विसरले.

इकडे वहिनींचं वेगळंच चाललं होतं. वर्षभरापूर्वी मेळकरांना साखरेचा आजार निघाला. वहिनी औषधाच्या दुकानात काम करतात, त्यामुळे त्यांनी तो आजार घरचं कार्य असल्यासारखा अंगावर घेतला. घरातून साखर गेली, गूळ गेला, जॅम गेला, बटाटा गेला. “यांना एकट्यालाच कसं कोरडं ठेवायचं,” म्हणून स्वतःच्या चहातलीही साखर सोडली. त्या आधी तीन चमचे घेणाऱ्या. पहिल्या दिवशी तो चहा पिताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. मलाही तंबी मिळाली. “भाऊजी, हे तुमच्याकडे आले तर पाणी द्या. लाडात येऊन बिस्कीट काढू नका.” मी वर्षभर त्यांना पाणी दिलं.

रोज सकाळी वहिनी त्यांच्या बोटाला टोचून छोट्या यंत्रात साखर बघत. सगळे दिवस बरी. बुधवारी सकाळी मात्र वर. दर बुधवारी. वहिनींनी आधी मंगळवारच्या भाज्यांवर संशय घेतला. मग डॉक्टरांवर घेतला आणि त्यांच्याशी भांडून गोळी बदलून आणली. मग यंत्रावर घेतला आणि दुकानातून नवं यंत्र आणलं. तेही बुधवारी तेच सांगे.

“अहो, मंगळवारी ऑफिसात काय खाता?”

“तू दिलेलं.”

“तेवढंच?”

“ऑफिसात तेवढंच,” मेळकर म्हणायचे. खोटं बोलत नव्हते. मला याहून जास्त माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

आता ट्रक. त्या आठवड्यात लष्कराचा मोठा सराव होता. लढाई खोटी, जखमी खोटे, पण त्यांच्यासाठी माळावर उभारलेला तंबूचा दवाखाना खरा. दवाखान्यातला जनरेटर बंद पडला. पूर्वी असतं तर तिथल्या माणसाने मेळकरांना फोन केला असता. आता जोडणी झालेली. त्याने कॉम्प्युटरला विचारलं, कुणाला न दिलेला, न बिघडलेला, सगळ्यांत जवळचा जनरेटर कुठे आहे? कॉम्प्युटरने क्षणात सांगितलं. क्रमांक दिला, नाव दिलं, जागा दिली. शेरा दिला नाही, कारण तो घरगुती विषय होता.

सुट्टीची सकाळ होती. मी गॅलरीत दात घासत होतो. खाली क्रेन बसवलेला ट्रक येऊन उभा राहिला आणि त्यातून सहा जवान, जाड साखळ्या आणि एक तरणे मेजर उतरले. मेजरांनी हातातल्या फोनकडे पाहिलं, इमारतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“जनरेटर इथेच आहे का?”

तोंडात फेस होता. मी मान हलवली. ती ‘नाही’ अशी हलवली होती, पण खालून वेगळी दिसली असावी, कारण ते सगळे जिना चढायला लागले.

मेळकरांनी दार उघडलं ते पायजम्यावर. मेजरांनी सलाम केला नाही आणि धक्काबुक्कीही केली नाही. “सव्वा टनाचा आहे. हा जिना अरुंद आहे. तुम्ही वर कसा चढवलात?” एवढंच विचारलं.

“काय चढवला?”

“जनरेटर.”

“कुणी?”

“तुम्ही. तो रोज सकाळी आगारात जातो आणि संध्याकाळी इथे परत येतो. रविवारी दुपारी नदीपलीकडे जातो.”

“रविवारी आम्ही माझ्या आईकडे जातो,” मागून वहिनी म्हणाल्या. “डबा घेऊन. आई तो भाजीने भरून देते.”

मेजर फोन समोर धरून घरात शिरले. जवान त्यांच्या मागे. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून दाराच्या मागे. तिथे खुंटीला डब्याची पिशवी टांगलेली होती. मेळकरांनी ती पाहिली. त्यांनी आतल्या कप्प्यात हात घातला, काडेपेटीएवढी डबी काढली आणि मेजरांच्या तळहातावर ठेवली.

मेजर बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले. मग साखळ्या घेतलेल्या जवानांना म्हणाले, “तुम्ही खाली जा.”

तंबूतले खोटे जखमी त्या दिवशी अंधारात पडून राहिले आणि दुपारी कंटाळून उठून जेवायला गेले. कुणाचं काही बिघडलं नाही, पण सराव मेजरांचा होता. चौकशी लागली. तेव्हा अशीही गोष्ट उघडकीला आली की हा जनरेटर मुख्यालयाच्या कामगिरीच्या अहवालात पहिला आला होता. बाकी जनरेटर एका जागी उभे असत, हा रोज फिरे. शिवाय त्याला आजवर डिझेल लागलं नव्हतं, त्याबद्दल आगाराचं कौतुक झालं होतं.

चौकशीची बैठक मेळकरांच्या जेवणाच्या टेबलावर झाली, कारण जागेची पाहणीही करायची होती. मेजर, लॅपटॉप, एका बाजूला खोकणारे आगारप्रमुख, दुसऱ्या बाजूला वाहतूकप्रमुख बाई, चहा न घेता. घरात जनरेटर नाही याला साक्षीदार हवा होता म्हणून मला बोलावलं. मी न्हाणीघरासकट सगळीकडे नीट पाहिलं आणि सही केली. नंतर कुणी जा म्हटलं नाही, म्हणून थांबलो.

“माझं मत स्पष्ट आहे,” बाई म्हणाल्या. “ही जोडणी भरवशाची नाही. बंद करा. पूर्वीसारखं प्रत्येकाने आपलं आपण बघावं.” जोडणी झाल्यापासून कुठला ट्रक कुठल्या हॉटेलासमोर किती वेळ उभा असतो ते साऱ्या लष्कराला दिसू लागलं होतं, हे त्या बोलल्या नाहीत.

मेळकर ताठ झाले. “बाई, जोडणीची चूक नाही. शेरा पलीकडे गेला नाही, एवढंच. शेरा दाखवला तर असं पुन्हा व्हायचं नाही.”

आगारप्रमुख खोकले.

मेजर म्हणाले, “सोपं आहे. ट्रॅकरने सांगितलेली जागा प्रत्येक वेळी खरी निघाली, तर दोष फक्त शेऱ्याचा. तो दुरुस्त करू. एक जरी जागा खोटी निघाली तर यंत्रावर विसंबता येत नाही. मग मी जोडणी तोडायची शिफारस करीन. तुम्ही प्रत्येक जागा कबूल करत चला.”

लॅपटॉप वळवला. सगळे नकाशावर वाकले. वहिनीही पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या.

“हे काय?”

“बस थांबा.”

“हे?”

“सासूबाईंचं घर.”

“हे?”

“चष्म्याचं दुकान. काडी तुटली होती.”

असं ठीक चाललं होतं. मग मेजरांचं बोट बाजाराच्या कोपऱ्यावर थांबलं. “हे रोज नाही. फक्त मंगळवारी संध्याकाळी. बराच वेळ. इथे काय आहे?”

मेळकरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी छताकडे पाहिलं. छताला रंग हवा होता.

“इथे काय आहे?” मेजरांनी पुन्हा विचारलं.

“इथे बेकरी आहे,” वहिनी म्हणाल्या. “यांची बस तिथून जात नाही.”

बाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा माया पाहिली. “बिंदू घसरतो कधीकधी,” त्या मेळकरांना म्हणाल्या. “उंच इमारती असल्या की होतं. तुम्ही तिकडे गेलाच नसाल. चूक आहे, म्हणा. तुमच्यावर काही येणार नाही, मी बघते.”

इतकी सोय माणसाची क्वचित होते. एक ‘चूक’ म्हटलं की घर वाचत होतं. वहिनींनी वर्षभर प्यायलेला बिनसाखरेचा चहा, बदललेली गोळी, डॉक्टरांशी झालेलं भांडण, सगळं झाकून जात होतं. फक्त जोडणी जात होती. आणि ‘चूक नाही’ म्हटलं की जोडणी राहत होती आणि वहिनी शेजारी उभ्या होत्या.

मेळकर पाणी प्यायले. पेला हळूच खाली ठेवला.

“चूक नाही,” ते म्हणाले. “मी होतो तिथे.”

“काय करत होता?” मेजरांनी विचारलं.

“केक खात होतो. क्रीमचा.”

“दर मंगळवारी?”

“मंगळवारी ताजा असतो.”

आगारप्रमुख खोकायचे थांबले. वहिनी वळून आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, आता बॅग भरतात. पण त्या साखरेचं यंत्र घेऊन बाहेर आल्या आणि मेजरांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. “यात जुने आकडे राहतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्या तारखा वाचा.”

मेजर बेकरीची एक तारीख वाचत, वहिनी दुसऱ्या दिवशीची साखर. वर. पुढची तारीख. वर. त्याच्या पुढची. वर. दोन यंत्रं, एक लष्कराचं, एक औषधाच्या दुकानातलं, एकमेकांना आयुष्यात भेटलेली नाहीत आणि शब्दाला शब्द जुळत होता. मेळकर मान खाली घालून बसले होते, पण त्यांचे कान टवकारलेले होते. मला दिसत होतं, त्यांना त्या अवस्थेतही बरं वाटत होतं.

“इथे जुळत नाही,” मेजर एकदम म्हणाले. “या मंगळवारी बिंदू बेकरीपाशीच आहे. नेहमीपेक्षाही जास्त वेळ. आणि दुसऱ्या दिवशी साखर बरी.”

वाहतूकप्रमुख बाई खुर्चीत सरसावल्या. “बघा. मी काय म्हणत होते?”

“त्या दिवशी बेकरी बंद होती,” मेळकर म्हणाले.

“मग एवढा वेळ काय केलंत?”

“उघडते का बघत होतो.”

मेजरांनी लॅपटॉप मिटला. “माझं झालं,” ते म्हणाले. “ट्रॅकर बरोबर आहे.”

जोडणी राहिली. शेरा सगळ्यांना दाखवायचा असा हुकूम निघाला. त्यामुळे एका सकाळी वाहतूक विभागाने आगाराचे सगळे शेरे वाचले आणि दुपारपर्यंत आगाराने वाहतुकीचे. बोळात आता दोन्ही बाजूंची दारं बंद असतात. पण ब्लँकेटं पोचतात, आणि पोचली की तिघांनाही कळतं. मेळकरांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी फायलीला लावली.

घरी निराळा हुकूम निघाला. वहिनींनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या चहात तीन चमचे साखर घातली आणि तो चहा मेळकरांच्या समोर बसून, हळूहळू, संपवला. बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. जे काही असेल ते माझ्यामार्फत.

“भाऊजी, त्यांना सांगा, डबा भरलाय. आणि हेही सांगा की ज्या माणसासाठी मी डॉक्टरांना वेडंवाकडं बोलले, त्याने निदान एकदा तरी माझ्या कपातला चहा चाखून बघायचा होता.”

मी समोरच्या खोलीत जाऊन सांगितलं, “डबा भरलाय.” शेरे मी पलीकडे नेत नव्हतो. जे आगारात चालत नाही ते घरात चालतं, हा माझा अनुभव आहे.

एकदा मात्र नेला. हाच चहाचा. मेळकरांनी तो ऐकून घेतला, उठले, आत गेले. भिंत पातळ आहे हे मी आधीच सांगितलं आहे. मग वहिनींचा आवाज आला, “किती खायचात?”

“एक.”

“असेल नको.”

“दीड,” मेळकर म्हणाले.

आता दर मंगळवारी संध्याकाळी वहिनी दुकानातून थेट बसथांब्यावर जातात आणि त्यांना चालत घरी आणतात, बेकरी लागत नाही अशा रस्त्याने. तो रस्ता लांबचा आहे. बुधवारची साखर उतरली. पिशवीत बाजारातून आणलेला ट्रॅकर असतो, किल्ल्या हरवू नयेत म्हणून विकतात तो. तो वहिनींनी टाकला आहे, मेळकरांना सांगून. त्यांनीच तो फोनला जोडून दिला.

परवा ते दोघं असे चालत आले, आणि वहिनी पुढे होऊन कुलूप उघडत होत्या. मी जिन्यात मेळकरांना अडवलं. म्हटलं, “काय हो, बाई इतकी सोय करून देत होत्या. उंच इमारती, घसरलेला बिंदू. एक ‘चूक’ म्हणायला काय जात होतं? वहिनींना कळलंही नसतं.”

मेळकरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“इतकी वर्षं मी लोकांना फोन करून विचारत आलो, माल कुठे आहे, नीट सांगा. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलं, तुम्ही कुठे होता. आता काय सांगायचं होतं, मी नव्हतो, जनरेटर होता?”